कॉन्सर्ट फॉर बांगलादेशची डीव्हीडी : सतारीचा भाग फॉरवर्ड करू नका

बीटल्स बँडमधला जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकरांच्या या मदतीसाठी केलेल्या कार्यक्रमाची दोन डिस्कची डीव्हीडी २००५ साली निघाली, आता शोधावी लागते, पण मिळाली तर घ्याच, पैसे वसूल आहेत.

रॉक ऐकणारी बरीच मंडळी सुरुवातीचा आपल्या संगीताचा भाग पळवून थेट हॅरिसनवर येतात. प्लीज असं करू नका. १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, एक दुपारचा आणि एक रात्रीचा असे दोन शो, मिळून ४० हजाराच्या आसपास पब्लिक, आणि त्या एवढ्या गर्दीसमोर सतारीवर रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर आपल्या मुंबईचे अल्लारखाँ, मागे तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. रविशंकर आधी विनंती करतात की आमचं चालू असताना सिगारेट ओढू नका. मग वाद्यं जुळवून होतात आणि पब्लिकला वाटतं तेच वादन, दणकून टाळ्या! ते हसून म्हणतात, जुळवणंच इतकं आवडलं तर पुढचं त्याहून आवडेल. आणि मग जी धून सुरू होते ना, आधी संथ, हळूहळू चढत जाणारी, शेवटी सतार-सरोदचे सवाल-जवाब आणि खाली अल्लारखाँचा तबला असा काही बोलतो की अंगावर काटा येतो. हेडफोन लावून ऐका.

हे सगळं कशासाठी होतं ते माहीत असेल तर आणखी भिडतं. नोव्हेंबर १९७० मधे पूर्व पाकिस्तानात (म्हणजे आजच्या बांगलादेशात) भयंकर चक्रीवादळ, मार्च ७१ पासून लष्कराने चालवलेली कत्तल, आणि कोटीभर निर्वासित भारतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यावेळी पत्रावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचं शरणार्थी सहायतेचं वेगळं तिकीट लावायला लागायचं. रविशंकरांचे वाडवडील तिकडचे, गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ तिकडचे, अली अकबर तर जन्मलेच तिकडे. रविशंकरांच्या मनात साधारण २५ हजार डॉलर उभे करायचं होतं, त्यांनी हॅरिसनला सांगितलं आणि तो फोन घेऊनच बसला. काही आठवड्यांत रिंगो, बॉब डिलन, क्लॅप्टन, बिली प्रेस्टन, लिऑन रसेल असे रॉकमधले मोठमोठे लोक सगळे एका स्टेजवर, मानधन कोणी घेतलं नाही, आणि नुसत्या तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर जमले.

रविशंकर स्टेजवरून म्हणतात की आम्ही कलाकार आहोत, राजकारण करत नाही. पण निक्सन सरकार उघड पाकिस्तानच्या बाजूने असताना, अमेरिकेच्या लेखी जो देश अजून अस्तित्वातच नाही त्याचं नाव कार्यक्रमाला द्यायचं आणि हजारो तरुण पोरांच्या तोंडी बसवायचं, मला तरी याहून मोठी राजकीय कृती त्या काळात रॉकवाल्यांकडून झालेली दिसत नाही.

रॉकचा भाग मस्तच आहे, बिली प्रेस्टन गाता गाता उठून नाचायला लागतो ते बघाच. क्लॅप्टनची तब्येत तेव्हा खराब होती आणि ते जाणवतं. दुसऱ्या डिस्कवर माहितीपट आणि हॅरिसन-डिलनच्या रिहर्सलचा तुकडा आहे, तो मला फार आवडला, दोघं अगदी साधे वाटतात.

खटकलेली गोष्ट म्हणजे कव्हर. मूळ रेकॉर्डवर रिकामं भांडं पुढ्यात घेऊन बसलेलं उपाशी पोर होतं, इथे त्या जागी हॅरिसनचा फोटो टाकलाय. का? ज्याच्यासाठी सगळं केलं तोच गायब.

आणि पैशांचं. करमाफीची व्यवस्था आधी लावलेली नव्हती म्हणून रेकॉर्ड आणि सिनेमाचे लाखो डॉलर अमेरिकेच्या इन्कम टॅक्सवाल्यांकडे कित्येक वर्षं अडकून पडले. भुकेल्या माणसाला ते तेव्हाच्या तेव्हा हवे होते हो! आपल्याकडे पूर आला की कॉलेजचे बँड मदतीसाठी शो लावतात, चांगलंच करतात, पण पावती कोणाच्या नावाने फाटणार, देणाऱ्याला करसवलत मिळणार का, पैसे कोणत्या खात्यात जाणार हे गिटार बाहेर काढायच्या आधी ठरवा रे.

या आवृत्तीवरची कलाकारांची रॉयल्टी युनिसेफच्या जॉर्ज हॅरिसन फंडाला जाते, त्यामुळे सीलबंद नवा पीस मिळत असेल तर तोच घ्या. नुसतं ऐकायचं असेल तर दोन सीडींचा सेटही त्याच वर्षी आलाय, पण अल्लारखाँचे हात बघायचे असतील तर डीव्हीडीच.