पैसे युजर रिसर्चवर घालायचे की मुरलेल्या डिझायनरवर?

ॲपचं बजेट तुटपुंजं असलं की युजर रिसर्च (म्हणजे वापरणाऱ्यांना भेटून, बघून समजून घेणं) आणि मुरलेला डिझायनर यांतलं एकच परवडतं. मग निवड कशी करायची?

आधी अनुभव कुठे पुरतो ते पाहू. जन्मतारखेचा रकाना घ्या. कॅलेंडर चालू महिन्यावर उघडतं आणि १९६२ साली जन्मलेले काका एकेक महिना मागे सरकवत बसतात. हे कळायला पाहणी लागत नाही. जाणता डिझायनर तिथे तारीख थेट टाइप करायची सोय देतो आणि पुढच्या कामाला लागतो. लॉगिन, फॉर्म, पैसे भरणं यांतले बरेचसे प्रश्न सुटलेले आहेत. वापरसुलभतेचा तज्ज्ञ याकोब नील्सनचे स्क्रीन तपासायचे १९९४ चे दहा निकष हातात घेऊन एक दुपार बसलात, तरी ढोबळ चुका सापडतात.

पण अनुभव कोणासाठी काम करून आलेला आहे? समजा, बचत गटातल्या बायकांसाठी ॲप करायचंय. खात्याला जोडलेला नंबर मुलाचा. तो चाकणला शिफ्टवर, फोन गेटवर जमा. ओटीपी तिकडे जातो आणि मुदत संपून वाया जातो. इकडे मावशी हप्ता भरायचा थांबवून बसलेल्या. बाणेरच्या ऑफिसात कितीही वर्षं काढली तरी हे दिसायचं नाही. एक घर गाठलं तर तासाभरात दिसतं.

रिसर्चलाही मर्यादा आहेतच. कोका-कोलाने जवळपास दोन लाख लोकांना नवी चव चाखवली, कौल अनुकूल आला म्हणून १९८५ मध्ये जुन्याऐवजी तीच बाजारात आणली, तरी तीन महिन्यांच्या आत जुनं पेय परत आणावं लागलं. घोटाची पसंती मोजली, पण जुनं पेय गेल्याचा राग चवीच्या चाचणीत मोजला जात नाही. म्हणून ‘आवडलं का?’ विचारण्यापेक्षा वापरताना गप्प बसून बघा.

खर्चाची भीती मात्र उगाच मोठी केली जाते. नील्सन आणि लँडॉअर यांच्या १९९३ च्या गणितानुसार पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी बाहेर येतात. अट एवढीच की ते पाच एकाच प्रकारचे वापरणारे हवेत. आणि हे झालं बनलेल्या वस्तूबद्दल. काय बनवायचं, हे त्यातून कळत नाही.

तुमचे ग्राहक तुमच्यासारखेच असतील, तर माझ्या मते सरळ डिझायनर घ्या. नसतील, तर स्क्रीन काढण्याआधीच रिसर्चवर खर्च करा. आणि डिझायनर निवडताना त्याला एवढं जरूर विचारा: वापरणाऱ्यांनी तुझा कोणता ठाम अंदाज खोटा पाडला? उत्तर सुचलं नाही, तर दुसऱ्या उमेदवाराला बोलवा.