अळू की अलोकेशिया: हत्तीच्या कानाएवढ्या पानांचे झाड घरासाठी निवडताना

नर्सरीत ‘एलिफंट इअर’ या एकाच नावाखाली निदान तीन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात: कोलोकेशिया म्हणजे आपले अळू, अलोकेशिया आणि कॅलेडियम. तिन्ही सुरणाच्या कुळातील असून कंदापासून वाढतात आणि तिन्हींची पाने बाणासारखी किंवा बदामाच्या आकाराची असतात. त्यामुळे एकाची निगा दुसऱ्याला लागू पडेल असा समज होतो आणि झाडे मरतात ती बहुधा त्यामुळेच. खरी निवड अळू आणि अलोकेशिया यांच्यात करायची असते. ती पानाच्या देखणेपणावरून न करता आपल्या घरात ऊन कुठे पडते आणि पाणी घालण्याची आपली सवय कशी आहे, यावरून करावी, असे माझे ठाम मत आहे.

आधी ओळख पटवून घ्यावी. अळवाच्या पानाचा देठ पानाच्या काठाशी न जुळता मागच्या बाजूने थोडा आत जोडलेला असतो, पानाचे टोक जमिनीकडे झुकलेले असते आणि पानावर पडलेले पाणी थेंब होऊन घरंगळते. मोठ्या जातींच्या अलोकेशियाचे पान बहुधा वर किंवा आडवे रोखलेले असते, ते चकचकीत असते आणि देठ पानाच्या खाचेशी जुळतो. मात्र घरात ठेवण्याच्या लहान संकरित अलोकेशियांमध्ये देठ आत जोडलेलाही आढळतो, म्हणून केवळ देठावरून निर्णय करू नये. गडद हिरव्या पानांवर पांढऱ्या ठसठशीत शिरा असलेली, ‘अमेझॉनिका’ नावाने विकली जाणारी जात याच प्रकारची आहे. नाव अमेझॉनचे असले तरी ती त्या जंगलातील नसून अमेरिकेतील फ्लोरिडात तयार झालेला संकर आहे.

दोन्हींमधील सर्वांत मोठा फरक मुळांपाशी आहे. अळवाला ओल हवीच असते. परसात मोरीचे पाणी जिथे जाते तिथे अळू लावण्याची आपली जुनी पद्धत या झाडाच्या स्वभावाला अगदी धरून आहे, कारण साचलेल्या पाण्यातही त्याची मुळे तग धरतात. कुंडीत लावायचे झाल्यास बारा ते चौदा इंच रुंदीची कुंडी घ्यावी, बागेची माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत भरावे आणि उन्हाळ्यात गरज पडल्यास सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावे. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवली तरी अळवाचे काही बिघडत नाही. फक्त त्या थाळीतील पाणी आठवड्यातून एकदा तरी संपूर्ण ओतून थाळी घासावी, नाहीतर तिथे डासांची पैदास होते.

अलोकेशियाला नेमके हेच सोसत नाही. त्याला दमट हवा आवडते, पण मुळांशी पाणी तुंबलेले चालत नाही. मातीचा वरचा दीड-दोन इंचांचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी घालावे आणि ते खालच्या छिद्रातून निथळून जाऊ द्यावे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट (हलके पांढरे सच्छिद्र खडे), झाडाच्या सालीचे तुकडे आणि थोडे गांडूळखत असे भुसभुशीत मिश्रण त्याला मानवते. नुसती काळी माती त्याचा कंद कुजवते. कुंडीही मुळांच्या मानाने थोडीच मोठी असावी, कारण मोठ्या कुंडीतील न वापरली गेलेली ओल बरेच दिवस टिकून राहते. घरात रोज सकाळी सगळ्या कुंड्यांना तांब्याभर पाणी घालण्याचा नेम असेल, तर अळू आनंदाने वाढेल आणि अलोकेशिया काही आठवड्यांत पिवळा पडेल.

उजेडाचे गणितही वेगळे आहे. अळवाला रोज चार-पाच तासांचे ऊन मिळाले तर देठ जाड होतात आणि पाने भरदार येतात. खोलीच्या आत ठेवलेले अळू लांबट, लुळे होऊन आडवे पडते. उघडी गॅलरी, गच्ची किंवा अंगण नसेल तर त्याचा विचार सोडून द्यावा. अलोकेशियाला भरपूर पण गाळून आलेला उजेड हवा. पूर्वेची खिडकी त्याच्यासाठी उत्तम. पश्चिमेच्या दुपारच्या उन्हाने पानांवर तपकिरी डाग पडतात.

हवामानाचा विचार केल्यास कोकण, गोवा आणि मुंबईत दोन्ही झाडे सुखाने वाढतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत अळवाला हिरव्या जाळीची सावली द्यावी लागते, तर अलोकेशियाच्या पानामागे कोरड्या हवेत कोळी किडीचा उपद्रव सुरू होतो. पानांवर बारीक फिकट ठिपके दिसू लागताच दोन्ही बाजू ओल्या फडक्याने पुसाव्यात आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करावी. पावसाळ्यात अळवावर करपा येतो: आधी पाणी मुरल्यासारखे डाग दिसतात आणि मग ते तपकिरी होऊन पसरतात. अशी पाने लगेच कापून दूर टाकावीत आणि झाडांमध्ये हवा खेळेल इतके अंतर ठेवावे.

थंडीत तापमान पंधरा अंशांखाली राहू लागले की अलोकेशियाची वाढ थांबते आणि कधीकधी सगळी पाने गळतात. पुणे-नाशिककडे डिसेंबरात हे सहज घडते. त्या अवस्थेत कुंडी टाकून देऊ नये. कंद दाबून पाहावा. तो घट्ट लागला तर जिवंत आहे, आणि पाणी अगदी कमी करून तो उबदार जागी ठेवल्यास उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा कोंब येतो. परदेशातील थंड भागात वडीसाठी अळू लावणाऱ्यांनी मात्र पहिल्या हिमतुषारापूर्वी कंद काढून घरात कोरड्या जागी ठेवावेत.

खाण्याविषयी कोणतीही सवलत देता येत नाही. अलोकेशिया आणि कॅलेडियम घरच्या स्वयंपाकासाठी नाहीत. शोभेचे म्हणून विकलेले काळ्या पानांचे कोलोकेशियाही खाऊ नये, कारण त्यावर कोणती औषधे मारली आहेत ते आपल्याला माहीत नसते. या साऱ्या कुळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. म्हणूनच भाजीचे अळूदेखील नीट शिजवून, चिंच किंवा आमसूल घालूनच खाल्ले जाते. वडीसाठी काळसर देठाचे आणि फतफत्यासाठी हिरव्या देठाचे अळू हवे असेल तर त्याच्या अळकुड्या (अळवाचे कंद) ओळखीच्या घरून किंवा भाजीवाल्याकडून आणून लावाव्यात. रांगणारे मूल, कुत्रा किंवा मांजर घरात असेल तर अलोकेशिया खाली ठेवूच नये. पान चावले गेल्यास तोंड गार पाण्याने धुऊन सूज दिसताच डॉक्टरांकडे जावे, प्राण्याला पशुवैद्याकडे न्यावे.

कॅलेडियमचा विचार थोडक्यात संपतो. गुलाबी-पांढऱ्या पानांचे हे दक्षिण अमेरिकी झाड पावसाळ्यात फार सुंदर दिसते, परंतु हिवाळ्यात कंदात परतते आणि तितके महिने कुंडी रिकामी दिसते. ज्यांना वर्षभर हिरवाई हवी त्यांनी ते एकमेव झाड म्हणून घेऊ नये.

ऊन असलेली मोकळी जागा असेल तर मी निःसंकोच अळू सुचवीन, कारण ते स्वस्त आहे, चुका सोसते आणि श्रावणात घरच्या वड्या देते. अळकुड्या जूनच्या पहिल्या पावसाबरोबर लावाव्यात. अलोकेशिया फेब्रुवारीअखेर ते जुलै या काळात आणावा, म्हणजे थंडीपूर्वी त्याची मुळे नव्या जागी रुजतात. घेताना पाने उलटून कोळी पाहावेत आणि बुंध्याशी बोट लावून कंद मऊ नाही ना याची खात्री करावी.