धंद्याची वेबसाइट: तयार बिल्डर, वर्डप्रेस, व्हीपीएस की साधी स्टॅटिक साइट?

धंद्यासाठी वेबसाइट करायचीय, कुठून सुरू करू, असं विचारलं की बहुतेक वेळा कुठल्यातरी होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याच्या सर्व्हरची, ऑफरच पुढे केली जाते. हे घे, पहिल्या वर्षी जवळपास फुकट आहे, डोमेनपण, म्हणजे साइटचं नावही, सोबत मिळतं. मला हा सल्ला अजिबात पटत नाही, कारण साइट पहिल्या वर्षानंतरही चालवायची असते आणि खरा खर्च, पैशाचा आणि वेळेचाही, तिथूनच सुरू होतो. म्हणून खालची सगळी तुलना मी दोनच प्रश्नांवर केलीय. रात्री साइट बंद पडली तर ती उठवायची जबाबदारी कोणाची? आणि उद्या हे सोडून दुसरीकडे जायचं ठरलं तर तुमच्या हातात काय राहतं? फीचर्सच्या याद्या प्रत्येक कंपनीच्या पानावर आहेतच, त्या तिथे वाचा.

रस्ते ढोबळमानाने चार. शॉपिफाय, विक्स, स्क्वेअरस्पेससारखी तयार सेवा, जिथे साइट बनवणं आणि होस्टिंग एकाच जागी. शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेक साइट मिळून वापरतात असा सर्व्हर, घेऊन त्यावर वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर. स्वतःचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा फक्त तुमच्यासाठी वेगळा काढलेला भाग. आणि स्टॅटिक साइट, म्हणजे डेटाबेस वगैरे काही नाही, नुसती तयार एचटीएमएल पानं.

पण त्याआधी डोमेन, कारण रस्ता कुठलाही घ्या, डोमेन तुमच्याच नावावर आणि तुमच्याच खात्यात पाहिजे. साइट बनवणारा म्हणतो मी घेतो, तुम्ही टेन्शन घेऊ नका, आणि मग दोन वर्षांनी त्याच्याशी बिनसलं की नाव त्याच्याकडे अडकलेलं असतं. डोमेन कायमचं विकत मिळत नाही, मुदतीसाठी नोंदवलं जातं, डॉट कॉम एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. मुदत संपली की रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन नोंदवणारी कंपनी, थोडी सवलतीची मुदत देतो, ती कंपनीप्रमाणे बदलते, त्यानंतर साधारण ३० दिवस जादा दंड भरून परत घेता येतं, मग ५ दिवस ते कुणालाच हलवता येत नाही आणि नंतर कोणीही उचलू शकतं. यात एक बारीक गोष्ट बरेच जण विसरतात: रजिस्ट्रारकडे दिलेला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन बंद पडलं की त्यावरचा मेल बंद, म्हणजे रिन्यू करा म्हणणारी आठवणही तुमच्यापर्यंत पोचत नाही. आणि डोमेन एका कंपनीकडे, होस्टिंग दुसरीकडे ठेवा. होस्टिंगवाल्याशी वाद झाला तरी नाव तुमच्या हातात राहतं, डीएनएस, म्हणजे हे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं त्या नोंदी, बदलल्या की साइट दुसरीकडे उभी.

आता तयार सेवा. वस्तू विकायच्या असतील तर शॉपिफाय हे त्यातलं सगळ्यात तयारीचं प्रकरण, २००६ पासून ते हेच करतायत. कार्ट, स्टॉक, कूपन, ऑर्डरचे मेल सगळं आत आहे, सर्व्हर त्यांचा, सिक्युरिटी त्यांची, कार्ड पेमेंटच्या सुरक्षेचे पीसीआय नावाचे नियम पाळण्याचा मोठा भार त्यांच्यावर. रात्री सर्व्हर पडला तर तुम्ही झोपा, त्यांची माणसं उठतील. याची किंमत दोन ठिकाणी लागते. एक म्हणजे त्यांचं स्वतःचं पेमेंट न वापरता दुसरं गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) लावलं तर गेटवेच्या फीवर शॉपिफायची आणखी टक्केवारी, प्लॅनप्रमाणे कमीजास्त. दुसरं म्हणजे ॲप्स: रिव्ह्यूला एक, सबस्क्रिप्शनला एक, बिलाच्या फॉरमॅटला एक, प्रत्येकाचं महिन्याचं वेगळं भाडं, आणि बघता बघता ॲप्सचा खर्च मूळ प्लॅनच्या वर जातो.

सोडून जाताना प्रॉडक्ट, गिऱ्हाईक, ऑर्डर यांच्या सीएसव्ही फाइल, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या याद्या, मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. थीम, म्हणजे साइटचं डिझाइन, मात्र दुसरीकडे चालत नाही, गिऱ्हाइकांचे पासवर्ड सोबत येत नाहीत, आणि पानांच्या वेब-पत्त्यांची रचना शॉपिफायची ठरलेली असल्याने जुन्या लिंक नव्यांकडे वळवायचं काम करावंच लागतं, नाहीतर सर्चमधून येणारी माणसं 'पान सापडलं नाही' या चारशेचार एररवर आपटतात. विक्स वापरायला फार सोपं आहे, पाच पानांची साइट दोन संध्याकाळींत उभी राहते, पण तिथली साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस काही पानं आणि ब्लॉग वर्डप्रेसला चालेल अशा फाइलमध्ये देतं, डिझाइन तिथेच राहतं.

वर्डप्रेसचं गणित बरोबर उलट. २००३ सालचं, ओपन सोर्स, पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस जिथे चालतो तिथे चालतं, त्यामुळे फायली आणि डेटाबेस उचलला की झालं, सगळी साइट तुमच्यासोबत. (वर्डप्रेस डॉट कॉम ही मात्र ऑटोमॅटिक कंपनीची होस्ट केलेली सेवा, तिथे काय करता येईल ते प्लॅनवर अवलंबून. मी बोलतोय ते डॉट ओआरजीवरून उतरवायच्या सॉफ्टवेअरबद्दल.) त्यात वूकॉमर्स हे प्लगिन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकलं की दुकानही होतं. सोडून जायच्या प्रश्नावर यासारखं दुसरं काही नाही.

पण रात्री कोण उठणार? सर्व्हरचं होस्टिंगवाला बघेल, साइटचं तुम्हीच. वर्डप्रेस साइट हॅक होतात त्या बहुतेक करून अपडेट न केलेल्या प्लगिनमुळे, आणि दुकानाच्या साइटवर वीसपंचवीस प्लगिन सहज होतात. अपडेट आंधळेपणाने लावलं की चेकआउट (पैसे भरायचं पान) मोडू शकतं, नाही लावलं तर दार उघडं. म्हणून आधी स्टेजिंग कॉपीवर, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवर, लावून बघायचं, मग खऱ्यावर. स्टेजिंग देत नसलेलं होस्टिंग दुकानासाठी घेऊच नका. आणि 'अनलिमिटेड' हा शब्द दिसला की अटींचं पान उघडा, तिथे फायलींच्या संख्येची मर्यादा असते, सीपीयूची असते, आणि ऐन सेलच्या दिवशी गर्दी झाली की नेमकी तीच आडवी येते.

एक प्रसंग जवळून बघा, कारण शॉपिफाय की वूकॉमर्स यातला खरा फरक तिथे कळतो. गिऱ्हाइकाने पैसे भरले, त्याच्या खात्यातून गेलेसुद्धा, पण तुमच्या साइटवर ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'वरच अडकलीय. होतं काय, तर पेमेंट गेटवे पैसे मिळाल्याचा निरोप वेबहुकने, म्हणजे आपोआप जाणाऱ्या संदेशाने, साइटला पाठवतं, आणि तुमच्या सिक्युरिटी प्लगिनने किंवा फायरवॉलने तो निरोप बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) समजून अडवलेला असतो. वूकॉमर्समध्ये स्टेटसच्या पानावर जाऊन लॉग (घडामोडींची नोंद) उघडायचा, गेटवेच्या डॅशबोर्डवर वेबहुकला काय उत्तर मिळालं ते बघायचं, चारशेतीन, म्हणजे 'परवानगी नाही', दिसलं की फायरवॉलमध्ये वेबहुकच्या पत्त्याला वाट मोकळी करायची. माहीत असेल त्याला दहा मिनिटांचं काम, नसेल त्याला दोन दिवस आणि चार चिडलेली गिऱ्हाइकं. तयार सेवेत ही जोडणी त्यांचीच असल्याने असला घोळ तुमच्या वाट्याला फार कमी येतो. तसंच कॅशिंगचं, म्हणजे पानाची तयार प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवण्याचं: कार्ट, चेकआउट आणि अकाउंटची पानं कॅशमधून वगळलेली नसतील तर एकाला दुसऱ्याचं कार्ट दिसू शकतं, आणि असं एकदा झालं तरी विश्वास गेला. लॉग वाचायची तयारी असेल, निदान ओळखीत वाचणारं कोणी असेल, तर वूकॉमर्स. नसेल तर महिन्याचं भाडं मुकाट्याने भरलेलं परवडतं, असं माझं स्पष्ट मत आहे. मधला रस्ता म्हणजे मॅनेज्ड वर्डप्रेस होस्टिंग, महाग पडतं, पण बॅकअप, स्टेजिंग आणि वर्डप्रेस समजणारा सपोर्ट मिळतो.

व्हीपीएसवर फार वेळ घालवत नाही. स्वस्त दिसतो, वेगवान असतो, हवं ते टाकता येतं. पण अनमॅनेज्ड व्हीपीएसमध्ये कंपनीची हमी मशीन चालू असण्याची असते, त्यावरच्या साइटची नाही. सर्व्हर चालू झाला की थोड्याच वेळात बॉट्स २२ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या दारावर, पासवर्ड आजमावायला लागतात. की-लॉगिन (पासवर्डऐवजी डिजिटल किल्ली), फायरवॉल, सर्व्हरच्या लिनक्स सिस्टिमचे अपडेट सगळं तुम्ही. १ जीबी रॅमवर दुकान बसवलंत तर जरा गर्दी झाली की लिनक्स मेमरीसाठी मायएसक्यूएललाच मारून टाकतं आणि पडद्यावर 'डेटाबेस कनेक्शन एरर'. लिनक्स सांभाळायची सवय नसेल तर पहिल्या साइटसाठी हा रस्ता नकोच.

स्टॅटिक साइटकडे लोक बघतच नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं. सल्लागार, क्लास, फोटोग्राफर, छोटं वर्कशॉप, ज्यांना ऑनलाइन विकायचं नाही, फक्त माहिती द्यायची आणि चौकशी यायला हवी, त्यांच्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. हॅक करायला फारसं काही नसतंच, पानं झटकन उघडतात, सोडून जायचं तर फोल्डर उचला आणि चला. फुकटही मिळतं, पण अटी वाचा: गिटहब पेजेस ही फुकट होस्टिंग सेवा ऑनलाइन धंद्यासाठी वापरायला त्यांच्याच नियमांत मनाई आहे, व्हर्सेल या होस्टिंग कंपनीचा फुकट प्लॅन बिनव्यापारी वापरापुरता आहे. अडचण एकच, दर बदलायचा किंवा फोटो टाकायचा तर कोणाला तरी फाइल उघडावी लागते. चौकशीच्या फॉर्मला वेगळी सेवा लागते, तेवढं सोपं आहे.

यातलं काहीही घ्या, काही गोष्टी सगळीकडे सारख्याच. एसएसएलसाठी, म्हणजे पत्त्याला एचटीटीपीएस लागण्यासाठी, वेगळे पैसे मागितले तर विचारा का, कारण लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचं सर्टिफिकेट फुकट असतं आणि बहुतेक होस्ट ते आपोआप लावतात. आणि त्याशिवाय चालायचं नाही, २०१८ च्या जुलैपासून क्रोम साध्या एचटीटीपी साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणून दाखवतं. ईमेल वेब होस्टिंगवर ठेवू नका, वेगळी मेल सेवा घ्या. नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलताना जुन्या एमएक्स नोंदी, म्हणजे मेल कुठे पोचवायचं ते सांगणाऱ्या, नव्या ठिकाणी नेल्या नाहीत तर साइट चकाचक चालते आणि मेल यायचं थांबतं, आणि ते कळतं कधी, तर कोणी फोन करून विचारतं तेव्हा. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क, म्हणजे मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी, सुरुवातीलाच लावून टाका, २०२४ च्या फेब्रुवारीपासून गूगल आणि याहू याबाबत बरेच कडक झालेत, नाहीतर ऑर्डरचा मेल स्पॅममध्ये आणि गिऱ्हाईक म्हणतंय पैसे घेऊन गप्प बसले.

बॅकअपचं तर कळकळीने सांगतो. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत गेली, आणि ज्यांचे बॅकअप तिथेच होते त्यांच्यापैकी कित्येकांचा डेटा कायमचा गेला. होस्टिंगवाला रोज बॅकअप घेतो हे छानच, पण एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे किंवा तुमच्या स्वतःच्या डिस्कवर हवीच, आणि ती एकदा रिस्टोअर करून बघा.

मग कोणी काय घ्यावं? माहितीपुरती साइट आणि बदल क्वचित: स्टॅटिक. माहितीचीच पण दर आठवड्याला स्वतः लिहायचंय: वर्डप्रेस. तीसचाळीस वस्तू विकायच्यात आणि टेक्निकल माणूस कोणी नाही: शॉपिफाय. वस्तू विकायच्यात, पण दराचे किंवा बुकिंगचे नियम विचित्र आहेत, तयार सेवेत बसत नाहीत: वूकॉमर्स, मॅनेज्ड होस्टिंगवर, आणि सांभाळणाऱ्याचा महिन्याचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरून. पैसे भरायच्या आधी दुसऱ्या वर्षाचा रिन्यूअलचा दर शोधा, तो बारीक अक्षरात असतो, आणि सपोर्टला एक खरा प्रश्न विचारा, म्हणजे 'माझा पूर्ण बॅकअप मला डाउनलोड करता येईल का?' गोलमोल उत्तर आलं तर दुसरी कंपनी बघा.

अजूनही ठरत नसेल तर तयार सेवेवरच सुरू करा, फक्त प्रत्येक वस्तूचं वर्णन, दर आणि कोड आधी स्वतःच्या शीटमध्ये लिहा आणि तिथून साइटवर टाका. मूळ फोटोही मोठ्या साइझमध्ये, वस्तूच्या कोडच्या नावाने, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. साइटवर चढवताना त्याची वेबपी (हलका फोटो-फॉरमॅट) कॉपी करून दोनेकशे केबीपर्यंत आणा, मोबाइलवर पान लवकर उघडेल आणि मूळ फोटो पुढच्या साइटसाठी तयार राहील.