डिस्नेलँड की डिस्ने वर्ल्ड: आजी-आजोबांना घेऊन नेमकं कुठे जायचं?

आई-बाबा भारतातून सहा महिन्यांसाठी अमेरिकेत आले की पहिल्या महिन्यात जेट लॅग आणि कॉस्टको, दुसऱ्या महिन्यात नायगारा, आणि तिसऱ्या महिन्यात नातवंडांचा हट्ट: "आजी, डिस्नेला जाऊ या!" इथपर्यंत घरात एकमत असतं. मग कोणीतरी विचारतं, "कुठलं डिस्ने?" आणि जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात.

कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड आणि फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड ही एकाच जागेची दोन नावं आहेत, असं समजणारी माणसं माझ्या ओळखीत बरीच आहेत. त्यांचं चूक तरी कसं म्हणायचं? मालक एकच, मिकी तोच, दोन्हीकडे किल्ला, दोन्हीकडे समुद्री चाचे, भुताचा वाडा, स्पेस माउंटन. राइडच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवून ठरवायला बसलात तर रात्र संपेल, निर्णय होणार नाही. मी दोन्हीकडे म्हातारी आणि लहान, अशी दोन्ही टोकांची माणसं घेऊन गेलो आहे. माझं मत सरळ आहे: आधी अंतर बघा, राइड नंतर.

या अंतरामागे एक जुनी खंत आहे. लॉस एंजेलिसजवळच्या अनाहाइम गावात संत्र्याच्या बागांची साधारण १६० एकर जमीन घेऊन वॉल्ट डिस्नेने १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. पार्क तुफान चाललं आणि बघता बघता कुंपणाला खेटून दुसऱ्यांची मोटेलं, खानावळी, पाट्या उभ्या राहिल्या. आजूबाजूची जमीन विकत घ्यायला त्याच्याकडे तेव्हा पैसे उरले नव्हते. ही चूक त्याने दुसऱ्यांदा केली नाही. १९६४-६५ मध्ये भलत्याच नावांच्या कंपन्या काढून त्याने मध्य फ्लोरिडातली दलदल गुपचूप विकत घ्यायला लावली. डिस्नेचं नाव फुटलं असतं तर भाव गगनाला भिडले असते. आपल्याकडे विमानतळाची नुसती कुणकुण लागली की सातबाऱ्याचं काय होतं ते आठवा. सुमारे २७ हजार एकर जमीन पन्नास लाख डॉलरच्या आसपास पदरात पडली. वॉल्ट डिसेंबर १९६६ मध्ये गेला. थोरला भाऊ रॉय याने काम पुरं करून १ ऑक्टोबर १९७१ला ते उघडलं आणि नावात भावाचं नाव घातलं: वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉयही गेला.

तर एकीकडे जागा अपुरी पडली म्हणून दाटीवाटीने भरलेलं पार्क, आणि दुसरीकडे जागा पुन्हा कधी कमी पडू नये या हट्टाने पसरलेलं रिसॉर्ट. आज डिस्ने वर्ल्डची जमीन १०० चौरस किलोमीटरच्या घरात आहे, म्हणजे जवळजवळ बोरिवलीच्या नॅशनल पार्कएवढी. अनाहाइमचं अख्खं रिसॉर्ट, हॉटेलं आणि पार्किंग धरून, साधारण ५०० एकरांचं. फ्लोरिडातल्या पार्कांपैकी एकटं अ‍ॅनिमल किंगडम सुमारे ५८० एकरांचं आहे!

हे आकडे पायांना कसे कळतात ते सांगतो. अनाहाइममध्ये दोन पार्क आहेत: मूळचं डिस्नेलँड आणि २००१ मध्ये आलेलं कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. दोघांची फाटकं समोरासमोर. मधला चौक ओलांडायला दोन-तीन मिनिटं. हार्बर बुलेव्हार्डवरच्या साध्या मोटेलमध्ये उतरलात तर फाटकापर्यंत दहा मिनिटांची चाल. दुपारी आजोबांना "जरा पाठ टेकतो" असं वाटलं, तर ते खोलीवर जाऊन झोपून संध्याकाळच्या आतषबाजीला ताजेतवाने परत येऊ शकतात. आमच्याकडे हे तीनही दिवस झालं, आणि सहलीतला सगळ्यात मोठा आनंद कुठला असं बाबांना विचारलं तर ते आजही ती दुपारची झोपच सांगतील.

फ्लोरिडात हीच वामकुक्षी म्हणजे एक मोहीम. तिथे चार पार्क आहेत: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलीवूड स्टुडिओज आणि अ‍ॅनिमल किंगडम. शिवाय दोन वॉटर पार्क आणि पंचवीसहून जास्त हॉटेलं. एका पार्कातून दुसऱ्यात जायचं तर बस, मोनोरेल, होडी किंवा स्कायलायनर नावाचा रोपवे. मॅजिक किंगडमला स्वतःची गाडी घेऊन गेलात तर गाडी लावायची तळ्याच्या अलीकडे, आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने पलीकडे. पहिल्या दिवशी मजा वाटते. तळ्यापलीकडे किल्ला हळूहळू मोठा होत जातो, मुलं कठड्याला चिकटतात. चौथ्या रात्री साडेदहाला, खांद्यावर झोपलेलं पोर आणि हातात घडी केलेली बाबागाडी घेऊन त्याच बोटीच्या रांगेत उभं राहिलं की वॉल्टच्या दूरदृष्टीचं कौतुक जरा कमी होतं.

त्यामुळे माझा पहिला प्रश्न: तुमच्याकडे दिवस किती? दोन किंवा तीन असतील तर विषय संपला, अनाहाइम. तिथे तीन दिवसांत दोन्ही पार्क निवांत होतात, आवडलेल्या राइड दुसऱ्यांदाही होतात. फ्लोरिडाला पाच दिवस तरी द्या: चार पार्कांचे चार आणि मध्ये एक दिवस पोहण्याचा नाहीतर नुसतं लोळण्याचा. तीन दिवसांत डिस्ने वर्ल्ड उरकणारे लोक असतात. ते परत येतात तेव्हा त्यांच्याकडे फोटो भरपूर असतात, पण कुठला फोटो कुठल्या पार्कातला हे सांगता येत नाही.

आता राइड. इथे लोकांचा एक गैरसमज असतो की मोठं म्हणजे भरलेलं. मॅजिक किंगडम ही डिस्नेलँडची थोरली प्रतिकृती. रस्ते रुंद, किल्ला उंच, पण राइडची संख्या डिस्नेलँडमध्ये जास्त. समुद्री चाच्यांची होडी अनाहाइमला पंधरा मिनिटांच्या आसपास चालते, फ्लोरिडात जवळपास निम्म्यात संपते. १९५९ पासून धावणारी मॅटरहॉर्न डोंगराची रोलर कोस्टर आणि इंडियाना जोन्सची धडधडती जीप, या दोनांतलं बघाल तर दोन्ही फक्त अनाहाइमला. पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल तर डिस्नेलँडच्या फँटसीलँड विभागातल्या छोट्या राइडवर अख्खा दिवस जातो. शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमध्ये २०१२ पासून 'कार्स' सिनेमावरचं कार्स लँड आहे. दिवे लागायच्या वेळी तिथे थांबाच. निऑनच्या पाट्या एकेक करून उजळतात आणि मोटारीचं वेड असलेला चार वर्षांचा मुलगा अक्षरशः गप्प होतो. आमचा झाला होता, आणि ही घटना दुर्मिळ आहे.

उंचीची अटही आधी बघून ठेवा, कारण फाटकाशी रडारड तिच्यामुळेच होते. स्पेस माउंटनला डिस्नेलँडमध्ये ४० इंच चालतात, फ्लोरिडात ४४ लागतात. नाव एकच, पण रूळ आणि बसायची पद्धत वेगळी.

मात्र फ्लोरिडाकडे जे आहे ते अनाहाइमकडे नाहीच, अशा दोन गोष्टी आहेत. पहिली एपकॉट. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. भारत नाही. आई हे ऐकून खट्टू झाली, पण ज्यांना राइडमध्ये बसायचंच नाही अशा माणसांसाठी चारही पार्कांत याच्याइतकी चांगली जागा नाही. चालावं, बसावं, काहीतरी चाखावं, दुकानं बघावीत.

दुसरी गोष्ट अ‍ॅनिमल किंगडम. भारत सापडतो तो इथे. आशिया विभागात 'आनंदापूर' नावाचं काल्पनिक गाव वसवलं आहे: पोपडे उडालेल्या भिंती, रंगवलेल्या जाहिराती, लोंबणाऱ्या तारा, पडक्या देवळावर झोके घेणारी गिबन माकडं आणि महाराजांच्या जंगलवाटेवर खरेखुरे वाघ. भिंतीवरचा ओशटपणासुद्धा मुद्दाम, पैसे खर्चून केलेला. बाबा म्हणाले, "हे बघायला एवढे डॉलर? आपल्या एसटी स्टँडवर फुकट दिसतं." पण फोटो सगळ्यात जास्त त्यांनीच काढले. त्याच भागात २००६ पासून एव्हरेस्टची रोलर कोस्टर आहे. तुटलेल्या रुळांपाशी गाडी थांबते आणि अंधारात उलटी मागे जाते. मणक्याचं दुखणं असलेल्यांनी खालीच चहा घ्यावा. शिवाय उघड्या ट्रकमधून आफ्रिकन सफारी आहे, ती मात्र सगळ्यांनी करावी. सकाळी लवकर करा, उन्हं चढली की प्राणी सावलीला जातात.

हवेचा मुद्दा मी मुद्दाम वेगळा काढतो, कारण भारतातून येणारे पाहुणे नेमके उन्हाळ्यात येतात. डिस्ने वर्ल्ड ज्याच्याजवळ आहे त्या ऑरलँडोचा जून ते सप्टेंबर म्हणजे रत्नागिरीचा मे महिना, आणि वर रोज दुपारी वळीव. विजा चमकल्या की उघड्यावरच्या राइड बंद होतात. ऊन, घाम, पाऊस, पुन्हा घाम. १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत चक्रीवादळांचा हंगाम असतो तो वेगळाच. अनाहाइमचं ऊनही चटकतं, पण ते कोरडं. सावलीत गेलं की बरं वाटतं आणि संध्याकाळी स्वेटर लागतो. ज्येष्ठांना घेऊन जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर मी फ्लोरिडाचा विचारही करणार नाही. जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीची सुरुवात मिळत असेल तर मात्र फ्लोरिडाला नाही म्हणायचं कारण नाही.

खाण्याची चिंता दोन्हीकडे सारखीच, आणि उपायही तोच. घरचं खाणं आत नेता येतं. फक्त काचेची बरणी आणि दारू नको, आणि गरम करायला लागेल असं काही नको. ठेपले, धपाटे, चिवडा, गूळपोळी, सगळं तपासणीतून बिनबोभाट जातं. खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. अनाहाइमहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आर्टिशियाचा पायोनियर बुलेव्हार्ड लागतो. तिथे डोशापासून जिलबीपर्यंत सगळं आहे, आणि तीन दिवस पिझ्झा खाल्लेल्या सासऱ्यांचा चेहरा तिथे उजळतो. फ्लोरिडात अ‍ॅनिमल किंगडम लॉजमध्ये 'सना' नावाचं रेस्टॉरंट आहे: आफ्रिकन स्वयंपाक, हिंदुस्थानी मसाले, नान आणि चटण्यांची थाळी, आणि खिडकीबाहेर जिराफ. ते हॉटेलात असल्यामुळे पार्कचं तिकीट लागत नाही, पण टेबल आधी राखून ठेवा.

तिकिटांचे दर दोन्हीकडे तारखेप्रमाणे बदलतात. अगदी स्वस्त दिवसाचं एका पार्कचं तिकीट २०२५ मध्ये डिस्नेलँडला १०४ डॉलर आणि फ्लोरिडात ११९ डॉलरपासून सुरू होत होतं. गर्दीच्या तारखांना ते खूप वर जातं, जास्त दिवसांचं एकत्र घेतलं तर दिवसाला कमी पडतं. तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एकूण हिशोबात मात्र तिकिटापेक्षा हॉटेलच्या रात्री भारी पडतात, आणि फ्लोरिडात त्या जास्त लागतात.

रांग टाळायची लाइटनिंग लेन म्हणजे पैसे भरून मिळणारं व्हीआयपी दर्शन, बाकीचे दर्शनबारीत. फ्लोरिडात डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ती वेळ सात दिवस आधी आणि बाहेर राहणाऱ्यांना तीन दिवस आधी निवडता येते, म्हणजे सुट्टीआधीच सकाळी सातला फोन घेऊन बसायचं. अनाहाइमची २०२५ पर्यंतची रीत साधी: आत शिरा, मग निवडा. ज्याला आयआरसीटीसीवर तत्काळ काढायची सवय आहे त्याला फ्लोरिडाची पद्धत घरची वाटेल. तान्हं बाळ असेल तर दोन्हीकडे 'रायडर स्विच' मागा. आई राइडमध्ये जाते, बाबा बाळाला धरतो, मग अदलाबदल, आणि दुसऱ्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही.

एक सापळा लक्षात ठेवा. ऑगस्ट ते डिसेंबर या काळात मॅजिक किंगडममध्ये बऱ्याच संध्याकाळी हॅलोवीन किंवा ख्रिसमसच्या वेगळ्या तिकिटाच्या पार्ट्या असतात. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना सहाच्या सुमारास बाहेर काढतात, आतषबाजी न दाखवता. दिवाळीची सुट्टी साधून जाणार असाल तर आधी कॅलेंडर बघा.

मग कोणी कुठे जावं? गुडघे दुखणारे ज्येष्ठ, सहा वर्षांखालची मुलं, तीन दिवसांची सवड: अनाहाइम, डोळे मिटून. दहा ते पंधरा वयाची मुलं, चालणारे आजी-आजोबा, हिवाळ्यातला सलग आठवडा: फ्लोरिडा, आणि जमल्यास डिस्नेच्याच हॉटेलात, कारण मग बस थेट मॅजिक किंगडमच्या दारात सोडते. न्यू जर्सीहून ऑरलँडो तीन तासांच्या विमानावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून अनाहाइम दिवसभराच्या ड्राइव्हवर, म्हणून लोक जवळचं निवडतात. पण आजींच्या गुडघ्यांचा प्रश्न असेल तर न्यू जर्सीवाल्यांनीही पश्चिमेचं विमान पकडावं असं मी म्हणेन.

दोन्ही करायचं मनात असेल तर आधी अनाहाइम करा. तिथला किल्ला ७७ फूट उंच, फ्लोरिडाचा १८९. उलट क्रमाने गेलेल्या माझ्या पुतणीने डिस्नेलँडच्या मेन स्ट्रीटवर उभं राहून विचारलं होतं, "काका, बाकीचा किल्ला अजून बांधायचाय का?"