लेमी : निसर्ग-अभ्यासकांच्या छोट्या गटाने स्वतःचा सर्व्हर चालवावा का?

पावसाळा सुरू झाला की निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर तेच प्रश्न दरवर्षी नव्याने विचारले जातात. हे फूल कोणते, हा बेडूक विषारी आहे का, काजवे पाहायला कधी जावे. जाणकार मंडळी मनापासून उत्तरे देतात, पण दोन दिवसांत ती शुभेच्छांच्या संदेशांखाली गाडली जातात आणि पुढच्या आषाढात कोणालाही सापडत नाहीत. आमच्या छोट्या गटाने यावर उपाय म्हणून लेमी हे चर्चामंच चालवण्याचे सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवायला घेतले. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

लेमीचा विकास 2019 मध्ये सुरू झाला. ते रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले, मुक्त स्रोताचे सॉफ्टवेअर आहे. 2023 च्या मध्याला रेडिट या चर्चांच्या संकेतस्थळाने आपल्या एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या ॲपना तिथला मजकूर पुरवणाऱ्या सोयीसाठी, मोठे शुल्क लावल्यावर तिथले असंख्य वापरकर्ते इकडे वळले आणि तेव्हापासून लेमीचे नाव सर्वतोमुखी झाले. त्याची रचना अशी, की प्रत्येक सर्व्हरवर विषयवार कम्युनिटी, म्हणजे चर्चागट, असतात आणि हे स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या सामायिक पद्धतीने एकमेकांशी जोडलेले असतात. त्यामुळे आपल्या सर्व्हरवरचा सभासद दुसऱ्या सर्व्हरवरच्या चर्चेतही आपल्याच खात्यावरून भाग घेऊ शकतो.

आमच्यासारख्या गटाला याचा सर्वात मोठा लाभ ओळख पटवण्याच्या चर्चेत झाला. समजा, एखाद्या सभासदाने गडाच्या उतारावर काढलेले कंदीलपुष्पाचे छायाचित्र टाकले आणि शीर्षक दिले, ‘हे फूल कोणते?’ पहिल्या उत्तरात प्रजाती सेरोपेजिया असल्याचे सांगितले जाते. त्याखाली दुसरा विचारतो, की झाड ताठ उभे आहे की वेलीसारखे चढले आहे आणि पाने समोरासमोर आहेत का. तिसरा फुलाच्या नळीचा फुगीर तळ आणि वर जुळलेल्या पाकळ्यांचा पिंजरा जवळून टिपलेला फोटो मागतो. प्रत्येक शंका ज्या उत्तराबद्दल आहे त्याच्याच पोटात राहते, म्हणून मतभेद कुठे सुरू झाला आणि कशाच्या आधारे मिटला हे नंतर येणाऱ्यालाही नीट वाचता येते. शिवाय लेमीमध्ये पोस्टचे शीर्षक मागाहून बदलता येते. ओळख निश्चित झाली, की मूळ शीर्षकाच्या जागी वनस्पतीचे शास्त्रीय आणि मराठी नाव लिहावे, असा दंडक आम्ही घातला आहे. या एका सवयीमुळे चर्चा पुढे शोधता येण्याजोगी होते, आणि माझ्या मते केवळ या सोयीसाठीही लेमी निवडावे.

विज्ञान आणि निसर्ग हाच विषय धरून चालणारा मँडर हा लेमी सर्व्हर या संदर्भात अवश्य पाहावा. तिथली विज्ञानविषयक विनोदांची कम्युनिटी साऱ्या जाळ्यात लोकप्रिय आहे. बुरशीशास्त्रासारख्या विषयांच्या कम्युनिटी तिच्या मानाने लहान आहेत. गंभीर विषयाला गर्दी कमीच असते, हे नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी गृहीत धरावे आणि सभासदसंख्येवरून गटाचे मोल ठरवू नये.

दूरच्या कम्युनिटी आपोआप दिसत नाहीत, ही गोष्ट मात्र सुरुवातीला अनेकांना गोंधळात टाकते. आपल्या सर्व्हरवरच्या कोणीतरी त्या कम्युनिटीचा पत्ता शोधून तिचे सदस्यत्व घेतल्यावरच तिथला नवा मजकूर इकडे येऊ लागतो, आणि जुन्या चर्चा बहुतांशी येतच नाहीत. नवा सर्व्हर ओकाबोका दिसण्याचे कारण हेच. कोणत्या भाषांतल्या पोस्ट पाहायच्या हे प्रत्येकाला आपल्या खात्यात निवडता येते, त्यातही एक खोच आहे. एखाद्याने हौसेने केवळ ‘मराठी’ निवडली आणि ‘अनिश्चित’ हा पर्याय सोडला, तर भाषेची नोंद नसलेल्या सर्व पोस्ट त्याच्यापुढून नाहीशा होतात. त्या पोस्टच बहुसंख्य असतात, म्हणून प्रत्येक नव्या सभासदाला हे पहिल्याच दिवशी सांगावे.

आता सर्वात गंभीर मुद्द्याकडे येतो. निसर्गाच्या नोंदीत ठिकाण ही मोलाची माहिती असते आणि तीच धोक्याचीही असते. कंदीलपुष्पाचे कंद खणून नेले जातात, आणि घरट्याचा पत्ता फुटला की छायाचित्रकारांची रांग लागते. आंबोलीजवळच्या हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचे वर्णन 2020 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पण असे संरक्षण फार थोड्या जागांच्या वाट्याला येते. सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचे अक्षांश-रेखांश आपोआप धूसर केले जातात. लेमीमध्ये अशी जातीनिहाय सोय नाही, कारण ते नोंदी ठेवण्यासाठी घडवलेलेच नाही. चित्रे साठवणारा त्याचा भाग छायाचित्रातली दडलेली माहिती, म्हणजे जीपीएसचे आकडेही, काढून टाकतो हे खरे. तरीही चित्रात मागे दिसणारा सुळका किंवा मंदिर ओळखणाऱ्याला त्या आकड्यांची गरज पडत नाही.

त्यात ज्या ज्या सर्व्हरवर त्या कम्युनिटीचे सदस्य आहेत तिथे प्रत्येक पोस्टची प्रत जाते. आपण पोस्ट खोडली तर खोडल्याचा संदेशही सगळीकडे पाठवला जातो, पण एखादा सर्व्हर तेव्हा बंद असेल किंवा त्याने तो पाळला नाही तर प्रत तिथे तशीच राहते. म्हणून जे एकदा बाहेर गेले ते परत आणता येणार नाही असे धरूनच नियम करावे लागतात. लेमीच्या 0.19.4 या आवृत्तीपासून कम्युनिटी केवळ स्थानिक ठेवण्याची सोय आली आहे. तिच्यातला मजकूर त्या सर्व्हरवर खाते असलेल्यांनाच दिसतो आणि बाहेर जात नाही. ही सोय नसती तर निसर्गविषयक गटाला लेमीची शिफारस करताना मी कचरलो असतो. आम्ही घरटी, दुर्मीळ ऑर्किड आणि सापांच्या जागा यांची चर्चा अशाच कम्युनिटीत ठेवतो आणि तिथेही तालुक्याच्या पलीकडे ठिकाण सांगू देत नाही.

देखरेखीची साधने कामचलाऊ आहेत. नव्या सभासदाला अर्ज भरायला लावण्याची सोय उत्तम असून ‘अलीकडे पाहिलेला एखादा पक्षी किंवा कीटक आणि तो कुठे काय करत होता’ एवढे विचारले, तरी स्वयंचलित खाती बहुतेक गळून पडतात. कोणता मजकूर कोणत्या कारणाने काढला याची नोंद सर्वांना खुली असते, आणि त्यामुळे मॉडरेटरवर विश्वास बसतो. तक्रारींचा निपटारा मात्र बराचसा हातानेच करावा लागतो. सुरक्षेच्या बाबतीत हयगय चालत नाही. जुलै 2023 मध्ये एका त्रुटीचा फायदा घेऊन सर्वात मोठ्या लेमी सर्व्हरवरील ॲडमिनचे खाते बळकावले गेले होते. नवी आवृत्ती आली की बॅकअप घेऊन ती लावण्याला पर्याय नाही.

यंत्राची गरज माफक आहे. लहान गटाला साधा व्हीपीएस, म्हणजे भाड्याने मिळणारा आभासी सर्व्हर, पुरतो, चित्रांमुळे डिस्क मात्र भरत जाते. डोमेनचे नाव, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, विचारपूर्वक घ्यावे, कारण इतर सर्व्हरांशी जोडणी झाल्यावर ते बदलता येत नाही. कम्युनिटीच्या पत्त्यातले नाव रोमन अक्षरांत द्यावे लागते, दिसणारे नाव देवनागरीत ठेवता येते. मोबाइलवर व्हॉयेजर किंवा जरबोआ ही ॲप चांगली चालतात.

पंधरा-वीस जाणकार आणि त्यांच्याकडून शिकू इच्छिणारी मंडळी असलेल्या गटाला मी लेमी निःशंकपणे सुचवेन. ज्यांना केवळ नोंदी साठवायच्या आहेत त्यांनी आयनॅचरलिस्ट किंवा पक्ष्यांच्या नोंदींसाठी असलेले ईबर्डच वापरावे. सर्व्हर घेण्याआधी मात्र गटातले किमान दोघे जण त्याच्या चाव्या, पासवर्ड आणि बॅकअपची जबाबदारी घ्यायला तयार आहेत ना, हे विचारून घ्यावे. एकच ॲडमिन असेल आणि तो ऐन पावसाळ्यात जंगलात रेंजबाहेर असेल, तर बंद पडलेला सर्व्हर तो परत येईपर्यंत बंदच राहतो.