पुढे काय शिकावे हे ठरवताना ‘टेक्नॉलॉजी रडार’ कितपत उपयोगी पडतो?

प्रोग्रामिंगच्या क्षेत्रात चार-पाच वर्षे काढलेल्या माणसाला ‘कसे शिकावे’ यापेक्षा ‘काय शिकावे’ हा प्रश्न अधिक छळतो. शिकण्याची साधने मुबलक आहेत आणि त्यांतली बरीचशी फुकट आहेत. परंतु नोकरी, प्रवास आणि घर यांतून उरणारा वेळ आठवड्याला मोजक्या तासांचा असतो. ते तास रस्ट या प्रोग्रामिंग भाषेला द्यावेत, सर्व्हरवरची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसला द्यावेत की सध्या गाजत असलेल्या एखाद्या एआय फ्रेमवर्कला द्यावेत, हे ठरवण्यासाठी अनेक जण ‘थॉटवर्क्स टेक्नॉलॉजी रडार’ या प्रकाशनाचा आधार घेतात. हे परीक्षण त्याच वाचकाच्या बाजूने लिहिले आहे. रडार मुळात तंत्रज्ञानाची निवड करणाऱ्या संस्थांसाठी तयार होतो, स्वतःचे शिक्षण आखणाऱ्या एकट्या प्रोग्रामरसाठी नव्हे, आणि हा फरक लक्षात न घेता तो वाचला तर उपयोगापेक्षा गोंधळच अधिक होतो.

थॉटवर्क्स ही 1993 मध्ये शिकागोत सुरू झालेली सॉफ्टवेअर सल्लागार कंपनी असून भारतात बंगळूर, पुणे, चेन्नई अशा शहरांत तिची कार्यालये आहेत. रडारचा पहिला अंक जानेवारी 2010 मध्ये निघाला आणि आता तो वर्षातून दोनदा प्रसिद्ध होतो. प्रत्येक अंकात साधारण शंभर नोंदी असतात. त्यांना ‘ब्लिप’ म्हटले जाते. कार्यपद्धती, साधने, प्लॅटफॉर्म आणि भाषा-फ्रेमवर्क अशा चार भागांत त्या विभागलेल्या असतात. प्रत्येक भागात आतून बाहेर चार वर्तुळे आहेत. सर्वांत आतले ‘अडॉप्ट’, म्हणजे निःशंकपणे वापरावे असे. त्यानंतर ‘ट्रायल’, म्हणजे धोका पेलवेल अशा प्रकल्पात वापरून पाहावे असे. मग ‘असेस’, म्हणजे समजून घेण्याजोगे. आणि सर्वांत बाहेर ‘होल्ड’, म्हणजे जपून राहावे असे. नोंदींची छाननी कंपनीतील ज्येष्ठ तंत्रज्ञांचे एक मंडळ करते. मार्टिन फाउलर, नील फोर्ड आणि दीर्घकाळ कंपनीच्या मुख्य तंत्रज्ञान अधिकारी राहिलेल्या रिबेका पार्सन्स ही या मंडळातली परिचित नावे. जगभरातल्या प्रकल्पांतून आलेल्या सूचनांवर मंडळ चर्चा करते, मत देते, आणि टिकलेल्या नोंदींवर एक-दोन परिच्छेदांचे टिपण लिहिले जाते.

या टिपणांतच रडारची खरी किंमत आहे. तंत्रज्ञानाचा कल सांगणारी इतर प्रसिद्ध साधने आकडे देतात, पण त्या आकड्यांमागे कोणाचा अनुभव आहे हे सांगत नाहीत. टायोबी निर्देशांक दर महिन्याला प्रोग्रामिंग भाषांची क्रमवारी लावतो, परंतु त्याचा पाया त्या-त्या भाषेच्या नावाने शोधयंत्रांत किती निकाल सापडतात हा आहे. त्यावरून भाषेचा गाजावाजा कळतो, तिच्यात काम करताना काय सोसावे लागते ते कळत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांचे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ 2011 पासून दरवर्षी घेत असलेले सर्वेक्षण अधिक विश्वासार्ह आहे, तरीही त्याचा एक निष्कर्ष शिकणाऱ्याला हमखास चकवतो. 2016 पासून रस्ट ही वापरकर्त्यांची सर्वांत आवडती भाषा ठरत आली आहे, परंतु 2024 च्या सर्वेक्षणात ती वापरणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम 13 टक्के होते आणि जावास्क्रिप्ट वापरणारे 60 टक्क्यांहून अधिक होते. आवड, वापर आणि नोकरीतली मागणी या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की आपण भलतीच भाषा घेऊन बसतो. रडार आकडे देतच नाही. तो उघडपणे मत देतो, ते कोणत्या प्रकारच्या अनुभवावर बेतलेले आहे हे टिपणात सांगतो, आणि त्यामुळे त्या मताशी वाद घालता येतो.

मात्र वर्तुळांचा अर्थ शिकणाऱ्याने आपल्या गरजेनुसार बदलून घ्यायला हवा. सर्वसाधारण वाचक अंक उघडतो, ‘अडॉप्ट’मधली नावे टिपतो आणि त्यांचा अभ्यासक्रम शोधू लागतो. संस्थेच्या दृष्टीने हे वर्तुळ योग्यच आहे, कारण तेथे पोहोचलेली गोष्ट प्रत्यक्ष कामात तावून सुलाखून निघालेली असते. पण त्याच कारणाने ती पुष्कळांना आधीच येत असते. ती शिकणे म्हणजे बरोबरीला येणे आहे, पुढे जाणे नव्हे. बरोबरीला येणेही कित्येकदा तातडीचे असते, हे मान्यच. फक्त दोन्हींतला फरक मनात स्पष्ट असावा. ‘असेस’ वर्तुळ याच्या उलट आहे. तेथील नोंद वाचावी, तिच्यामागचा प्रश्न समजून घ्यावा आणि तेथेच थांबावे, असे माझे मत आहे. त्या वर्तुळातली बरीच नावे पुन्हा कधी दिसत नाहीत, आणि एखाद्या संध्याकाळपेक्षा अधिक वेळ त्यांवर घालवणे ही नोकरदार प्रोग्रामरला न परवडणारी चैन आहे. खरी मेहनत घेण्याजोगे वर्तुळ ‘ट्रायल’चे आहे. तेथील साधन कोणीतरी खऱ्या प्रकल्पात वापरलेले असते, पण त्यात पारंगत माणसे अद्याप थोडी असतात.

माझ्या दृष्टीने रडारचा सर्वांत मोलाचा भाग ताज्या अंकात नसून जुन्या अंकांच्या संग्रहात आहे. संकेतस्थळावर कोणत्याही नोंदीचे पान उघडले की ती कोणत्या अंकात कोणत्या वर्तुळात होती आणि तेव्हा तिच्याविषयी काय लिहिले गेले, हे एकाखाली एक वाचता येते. नोंद चालू अंकात नसेल तर तशी सूचना पानाच्या वरच असते, आणि नोंद जुनी असल्यास आज आमचे मत वेगळे असू शकेल असेही त्यात नमूद केलेले असते. स्वतःच्या जुन्या मतांवर इतक्या ठळकपणे तारीख घालणारी प्रकाशने या क्षेत्रात फार नाहीत.

मायक्रोसर्व्हिसेसचे, म्हणजे एका मोठ्या प्रणालीऐवजी स्वतंत्रपणे चालणाऱ्या लहान-लहान सेवा उभारण्याचे, उदाहरण पाहावे. ही कल्पना 2012 मध्ये रडारवर आली, म्हणजे ती सर्वतोमुखी होण्याच्या बरीच आधी. फाउलर आणि जेम्स लुईस यांचा तिच्यावरचा बहुचर्चित लेख 2014 चा आहे. त्यानंतर जो तो आपली प्रणाली तोडून लहान-लहान सेवांमध्ये विभागू लागला, आणि नोव्हेंबर 2015 च्या अंकात रडारने ‘मायक्रोसर्व्हिस एन्व्ही’, म्हणजे दुसऱ्यांकडे आहे म्हणून आपल्याकडेही हवे ही वृत्ती, ‘होल्ड’मध्ये टाकली. टिपणाचा आशय असा होता की या रचनेचे फायदे आहेत, परंतु विखुरलेल्या प्रणालीची गुंतागुंत पेलण्यासाठी विकास, चाचणी आणि डिप्लॉयमेंट (तयार कोड प्रत्यक्ष वापरात आणणे) या सर्वांतच परिपक्वता लागते, तेव्हा एक-दोन सेवांपासून सुरुवात करावी. ज्या कल्पनेच्या प्रसारात स्वतःचा मोठा वाटा आहे तिच्या अतिरेकाविरुद्ध इतक्या लवकर इशारा देणे मला प्रामाणिकपणाचे वाटते. शिकणाऱ्याला यातून मिळणारी दिशाही स्पष्ट आहे. त्या काळात एखादे मायक्रोसर्व्हिस फ्रेमवर्क पाठ करणाऱ्यापेक्षा नेटवर्क तुटते तेव्हा काय होते, एकच विनंती दोनदा आली तर काय करायचे आणि दहा सेवांतून फिरलेल्या चुकीचा माग कसा काढायचा, हे शिकलेला माणूस आजही कामाचा आहे.

रीडक्सचा प्रवासही असाच बोलका आहे. वेबपानांचा दर्शनी भाग घडवणाऱ्या रिअ‍ॅक्टमध्ये माहितीची स्थिती सांभाळण्यासाठी 2015 मध्ये आलेले हे साधन रडारवर ‘अडॉप्ट’पर्यंत पोहोचले, आणि ऑक्टोबर 2020 च्या अंकात त्याला पुन्हा ‘ट्रायल’मध्ये आणले गेले, कारण रिअ‍ॅक्टसाठी ते आता आपोआप निवडावे असे साधन राहिलेले नाही, असे मंडळाचे मत बनले होते. ‘अडॉप्ट’ हा कायमचा शिक्का नाही, हे याहून नेमकेपणाने दाखवणारे उदाहरण मला आठवत नाही. याउलट प्रोग्राम आणि त्याला लागणारे सर्व काही ‘कंटेनर’ नावाच्या एका पुडक्यात बांधणारा, 2013 मध्ये लोकांसमोर आलेला डॉकर एप्रिल 2016 च्या अंकात ‘अडॉप्ट’मध्ये होता आणि तो निर्णय काळाच्या कसोटीवर टिकला. तरीही त्याच काळात कंटेनरांचे व्यवस्थापन कोण करणार यावर स्वॉर्म, मेसोस आणि कुबरनेटीस यांच्यात जी चढाओढ झाली, तिच्यात कुबरनेटीस जिंकले आणि उरलेल्या दोन साधनांवर घेतलेली मेहनत बहुतांशी वाया गेली. लिनक्स प्रक्रियांना वेगळे कसे ठेवतो आणि त्यांच्या वापरावर मर्यादा कशी घालतो हे ज्यांनी मुळातून समजून घेतले होते, त्यांना मात्र चढाओढ कोणी जिंकली याने फारसा फरक पडला नाही.

अशी दोन-चार नोंदींची पाने ओळीने वाचली की लक्षात येते की चार भागांपैकी कार्यपद्धतींचा भाग सर्वांत सावकाश शिळा होतो. साधनांच्या आणि फ्रेमवर्कच्या भागातली नावे अंकागणिक बदलतात. पायाभूत सुविधा कोडमध्ये लिहिणे, चाचण्या स्वयंचलित करणे, मुख्य शाखेत वारंवार कोड मिसळणे या गोष्टी मात्र दहा वर्षांपूर्वी जितक्या उपयोगी होत्या तितक्याच आजही आहेत. दुर्दैवाने वाचक सर्वांत कमी वेळ याच भागाला देतात, कारण त्यात रेझ्युमेवर लिहिण्यासारखे सुटसुटीत नाव सापडत नाही.

अलीकडच्या अंकांवर एआयचा प्रभाव प्रचंड आहे. कोडिंग एजंट (स्वतःहून कोड लिहिणारी एआय साधने), त्यांच्यामागची भाषा-प्रारूपे आणि त्यांच्याभोवतीची साधने यांनी जवळजवळ प्रत्येक भाग व्यापला आहे. हे काळाला धरून असले तरी त्यामुळे डेटाबेस, सुरक्षा आणि मोबाइल यांसारख्या विषयांना जागा कमी पडते, आणि केवळ ताजा अंक वाचणाऱ्याला जगात एआयव्यतिरिक्त काही चाललेलेच नाही असे वाटू शकते. इथेही ‘होल्ड’ वर्तुळ आवर्जून वाचावे. ऑक्टोबर 2024 च्या अंकात एआयने लिहिलेल्या कोडविषयी निर्धास्त राहणे आणि जोडीने प्रोग्रामिंग करण्याऐवजी एआयवर विसंबणे, या दोन्ही सवयी ‘होल्ड’मध्ये होत्या. यंत्र कोड लिहून देणार असेल तर तो वाचून त्यातले दोष हेरण्याचे कौशल्य वाढवावे, हा त्यातून निघणारा अभ्यासक्रम कोणत्याही नव्या फ्रेमवर्कपेक्षा अधिक काळ पुरेल.

रडारची मोठी मर्यादा त्याच्या जन्मस्थानातच आहे. तो एका सल्लागार कंपनीचा अनुभव आहे, आणि त्या कंपनीचे ग्राहक मुख्यतः वेब आणि क्लाउडवर प्रणाली उभारणाऱ्या मोठ्या संस्था आहेत. पुण्यात बसून तो वाचणाऱ्याला ही मर्यादा लगेच जाणवते. हिंजवडी-चाकणच्या परिसरात वाहनउद्योगासाठी एम्बेडेड सी (यंत्रांत बसवलेल्या चिपसाठी लिहिली जाणारी सी भाषा) आणि ऑटोसार या वाहन-सॉफ्टवेअरच्या मानकावर काम करणारे हजारो अभियंते आहेत; त्यांच्या कामाचा मागमूसही या चित्रात क्वचितच आढळतो. कंपन्यांचे व्यवहार हाताळणारी एसएपी प्रणाली सांभाळणाऱ्याला, बँकेचा मेनफ्रेम हा जुना मोठा संगणक चालवणाऱ्याला किंवा लहान व्यावसायिकांना पीएचपीत संकेतस्थळे करून देणाऱ्यालाही यातून थेट मार्गदर्शन मिळणार नाही. रडार आपण सर्वसमावेशक असल्याचा दावा करत नाही, हे खरे. पण एखादे नाव त्यात नाही म्हणजे ते कालबाह्य झाले, असा अर्थ नवखा वाचक काढतो आणि ज्या कौशल्यावर त्याची नोकरी चालली आहे त्याकडेच दुर्लक्ष करू लागतो. अशा वाचकाने आपल्या क्षेत्रातल्या नोकरीच्या जाहिराती सहा महिने नीट वाचाव्यात. त्या रडारपेक्षा अधिक खरे बोलतील. पदवी घेऊन नुकताच बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यालाही मी रडारची शिफारस करणार नाही, कारण टिपणांतले शब्द समजण्यासाठी प्रत्यक्ष प्रकल्पात काही वर्षे काढलेली असावी लागतात.

वापराच्या दृष्टीने सांगायचे तर रडार विनामूल्य आहे, संकेतस्थळावर वाचण्यासाठी खाते उघडावे लागत नाही आणि शोधाची सोय चांगली आहे. मोबाइलवर वर्तुळांचे चित्र पाहण्याच्या फंदात न पडता नोंदींची यादी वाचणे सोयीचे. इंग्रजीखेरीज स्पॅनिश, पोर्तुगीज आणि चिनी भाषांत तो निघतो. भारतीय भाषांत निघत नाही, आणि कंपनीचे इतके अभियंते भारतात असताना ही उणीव खटकते.

एक सोय मात्र फारशी कोणी वापरत नाही. ‘बिल्ड युअर ओन रडार’ नावाच्या साधनात गूगल शीट किंवा सीएसव्ही, जेसन अशा साध्या फाइलींच्या स्वरूपात यादी दिली की तसेच चार वर्तुळांचे चित्र आपल्या नोंदींसाठी तयार होते. झालांडोसारख्या ऑनलाइन कपडेविक्री करणाऱ्या कंपनीनेही स्वतःचा रडार प्रसिद्ध केलेला आहे. एकट्यासाठी हे साधन अवजड वाटेल, पण पाच-सहा जणांच्या टीमने वर्षातून दोनदा एकत्र बसून ते भरले तर ‘हे आतल्या वर्तुळात का?’ या प्रश्नावर जो वाद होतो, त्यातून कोणी काय शिकायचे ते बहुतेक वेळा ठरून जाते. यादीत कंपनीच्या अंतर्गत प्रणालींची नावे येणार असतील तर सार्वजनिक शीट वापरू नये. साधनाचा कोड मुक्त असल्याने तो आपल्याच सर्व्हरवर चालवता येतो.