मालदिनीची ३ नंबर जर्सी घेतली, कापड भारी पण इतिहास चुकलाय

लई दिवस डोक्यात होतं म्हणून शेवटी ऑनलाइन मागवली, पाओलो मालदिनी ज्या इटलीच्या फुटबॉल क्लबकडून डिफेन्सला खेळला त्या एसी मिलानची १९८८-८९ ची रेट्रो, लाल-काळे पट्टे, फुल बाही, पाठीवर ३. आठशे नव्वद रुपये अधिक कुरियर. आता खरं सांगायचं तर कापडाला नाव ठेवायला जागा नाही, जाडसर आहे, शिलाई सरळ, छातीवरचं मेडिओलानम (तेव्हाचा स्पॉन्सर) पण नीट बसवलंय.

पण पार्सल उघडलं आणि पाठीवर तीनच्या वर ठसठशीत मालदिनी छापलेलं! अरे बाबांनो, इटलीच्या लीगमध्ये जर्सीवर नावं आणि सीझनभर एकच नंबर हे १९९५-९६ पासून सुरू झालं, त्याआधी नुसता १ ते ११ आकडा असायचा, ३ म्हणजे लेफ्ट बॅक, डावीकडचा डिफेंडर, संपला विषय. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो "सर नाव फ्री दिलंय". आता याला काय बोलणार.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात. आम्ही कोल्हापूरकर, पेठेच्या टीमकडून खेळलेलो, मला उजव्या पायाचा असून कोचनं लेफ्ट बॅकला उभं केलं तेव्हा मी आठवडाभर फुगून बसलो होतो. मग कुणीतरी सांगितलं की मालदिनी पण उजव्या पायाचाच, आणि आयुष्य काढलं डावीकडं. तेव्हापासून हा माणूस आपला. २० जानेवारी १९८५ ला उदिनेजे क्लबविरुद्ध सोळाव्या वर्षी बदली खेळाडू म्हणून आत आला तो थेट २००९ ला थांबला, ९०२ मॅच, सगळ्या एकाच क्लबकडून. युरोपचा कप, म्हणजे आताची चॅम्पियन्स लीग, पाच वेळा. बाप चेझारे १९६३ ला इंग्लंडमध्येच कॅप्टन म्हणून तोच कप उचलून गेलेला, आणि पोरानं २००३ ला मँचेस्टरमध्ये उचलला, चाळीस वर्षांनी, तोही कॅप्टनच. घराणंच तसलं. आणि २००५ ला इस्तंबूलमध्ये त्याच कपच्या फायनलला यानं पहिल्याच मिनिटाला गोल मारून, हाफ टाइमला ३-० पुढं असून मिलान हरले, ते आठवलं की अजून जेवण जात नाही.

त्याचं भारी काय तर बॉल काढायला तो लोळत स्लायडिंग मारायचाच नाही फारसा. आधीच जागेवर जाऊन उभा, फॉरवर्ड येतोय तोवर बॉल याच्याकडं. आम्ही गांधी मैदानच्या चिखलात दर दोन मिनिटाला स्लायडिंग, चड्डीचा रंग ओळखू येत नसायचा.

असो, जर्सीकडं येतो. साईज एक नंबर मोठी घ्या, एक्सएल मागवली तरी पोटावर घट्ट आहे (पोटाचा दोष धरला तरी). धुताना उलटी करून गार पाण्यात, मशीनला टाकू नका, मी टाकली. तिसऱ्या धुण्याला नावातली दोन अक्षरं सुटली, उरलेली पण हलायला लागलीत, तीनचा आकडा मात्र पक्का आहे. म्हणजे अजून महिनाभरात जर्सी १९८८ ची होणार.

पाचपैकी तीन स्टार, आता तीनच देणार ना. ज्यांना नावासकट पाहिजे त्यांनी छातीवर ओपेल (नंतरचा स्पॉन्सर) असलेली पांढरी घ्या, २००३ च्या फायनलची, तिच्यावर नाव बरोबर शोभतं.